न विचारणारा वाचक

शाळा सोडून संगणकाच्या क्षेत्रात नोकरीस लागलेला एक माजी विद्यार्थी गेल्या सुटीत भेटीस आला, तो हातात एक कागद घेऊनच. “सर, भाषा तेवढी पाहा,” म्हणाला. व्हिडिओ गेमची माहिती शोधून देणाऱ्या एका साधनाचे ते आठ ओळींचे वर्णन होते, आणि ते माणसासाठी नव्हे, तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’साठी लिहिलेले होते. एजंट म्हणजे आपल्या वतीने शोधाशोध करणारा यांत्रिक गुमास्ता. तो साधनाला खेळाचे नाव पुरवतो, साधन एका मोठ्या सूचीतून माहिती आणते, आणि गुमास्ता ती आपणांस सांगतो.

प्रथमदर्शनी हा विषय मला क्षुल्लक वाटला. परंतु कागद वाचता वाचता माझे मत पालटले. असे वर्णन लिहिणे हे निबंधलेखनापेक्षा काकणभर अधिकच जबाबदारीचे काम आहे, असे आज मी आग्रहाने म्हणतो.

कारण उघड आहे. हा गुमास्ता साधनाच्या आत डोकावत नाही. साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला काय पुरवावे याची यादी, एवढेच त्याच्यापुढे असते. साधन केव्हा वापरावे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावावा, हे तो त्यावरूनच ठरवतो. वर्गातील मुलाला समजले नाही, तर तो हात वर करतो. निदान त्याच्या चेहऱ्यावरून तरी ते कळते. हा वाचक बहुधा विचारीत नाही. जे सांगितलेले नाही ते तो अंदाजाने भरून काढतो, आणि तेही अस्खलित भाषेत!

उदाहरणे पाहा. कागदावर लिहिले होते, ‘नाव दिल्यास खेळ मिळतो.’ परंतु ‘डूम’ नावाचा एक खेळ १९९३ साली निघाला आणि त्याच नावाचा दुसरा २०१६ साली. त्यांपैकी कोणता? पुढे होते, ‘प्रकाशनाची तारीख मिळते.’ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ निन्टेन्डो स्विचवर २०२० च्या ऑगस्टमध्ये आला आणि इतर यंत्रांवर ऑक्टोबरमध्ये. मग तारीख कोणती? शिवाय आयजीडीबी या प्रसिद्ध सूचीत तारीख १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत नोंदलेली असते. १५९७७०८८०० ही संख्या म्हणजे १८ ऑगस्ट २०२०, हे वर्णनात सांगायला नको काय?

सर्वांत घातक शब्द होता ‘रेटिंग’. त्याच सूचीत खेळणाऱ्यांनी दिलेले गुण वेगळे, समीक्षकांचे गुण वेगळे आणि वयोमर्यादा वेगळी असते. कागदावर मात्र एकच शब्द होता. माझ्या घरची भाषा कोंकणी. कोंकणीत ‘बरें’ म्हणजे चांगले. मराठीत ‘बरे’ म्हणजे यथातथा. माझ्या पहिल्या मराठी निबंधावर गुरुजींनी ‘बरा आहे’ असा शेरा मारला, तेव्हा मी आनंदाने घरी धावलो होतो. त्या गैरसमजात कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु दहा वर्षांच्या मुलासाठी खेळ निवडणाऱ्या आईने रेटिंग विचारले आणि गुमास्त्याने समीक्षकांचे भरघोस गुण सांगितले, तर? २०१६ च्या ‘डूम’ला युरोपातील वर्गीकरणाने १८ वर्षांची मर्यादा घातली आहे, हे त्या माउलीस कोण सांगणार?

कोणी म्हणेल, यंत्र एवढे बुद्धिमान आहे, ते घेईल समजून. मला हा युक्तिवाद पटत नाही. वाचक जितका हुशार, तितकी त्याची चुकीची भरपाई अधिक विश्वसनीय दिसते. म्हणून साधन काय करते याइतकेच ते काय करीत नाही, हेही लिहिले पाहिजे. ‘सूचीत खेळ आढळला नाही’ आणि ‘सूचीशी संपर्कच झाला नाही’ ही दोन भिन्न उत्तरे आहेत. दोन्ही प्रसंगी रिकामा कागद परत केला, तर अस्तित्वात असलेला खेळ नाहीच, असे गुमास्ता खुशाल सांगेल.

त्या आठ ओळींच्या अखेर वीस ओळी झाल्या. शेवटची ओळ त्याने स्वतःच लिहिली : ‘खेळ न आढळल्यास तसे स्पष्ट सांगावे, आठवणीतून तारीख देऊ नये.’ ती वाचून मला त्याच्या दहावीच्या उत्तरपत्रिका आठवल्या. येत नसलेल्या प्रश्नांचीही पाने भरण्यात त्या वेळी त्याचा हातखंडा होता!

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांना पुढे असेच लेखन करावे लागेल. त्यासाठी अलंकारांची आवश्यकता नाही. शब्द नेमका असावा, मर्यादा कबूल करावी, आणि समोरचा विचारू शकणार नाही याचे भान ठेवावे. पत्र, अर्ज किंवा औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी लिहितानाही हेच लागते. आजपासूनच तेथे सराव करा.