बादलीच्या बुडाशी

दिवाळीच्या पहाटे बादलीत डोकावून विचार करीत बसण्याची पाळी सहसा कुणावर येत नाही. वाचकहो, गेल्या दिवाळीत ती माझ्यावर आली. आदल्या संध्याकाळी नव्या बोअरचे पाणी भरून ठेवले होते; अगदी आरशासारखे स्वच्छ. पहाटे उटण्याची वाटी घेऊन न्हाणीघरात गेलो, तो बादलीच्या बुडाशी तांबूस गाळ! सौ. दारातूनच म्हणाली, "अहो, रात्री तर पाणी चांगलं होतं. हे आलं कुठून?"

मराठीच्या प्राध्यापकाला असल्या प्रश्नाचे उत्तर येत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर फराळाला आले, तेव्हा चकलीच्या ताटलीबरोबर ती बादलीही त्यांच्यापुढे ठेवली.

"आलं कुठून नाही, पाण्यातच होतं," सर म्हणाले. खोल जमिनीत प्राणवायू नसला, की लोखंड पाण्यात विरघळून राहते. डोळ्यांना दिसत नाही. पाणी वर आले, हवा लागली, की त्याचा गंज होऊन तो खाली बसतो. मँगॅनीजची रीत तीच. फक्त त्याचा गाळ काळा आणि कारभार फार सावकाश. "आणि त्याच कारभारानं," सर म्हणाले, "समुद्राच्या तळाशी धातूंचे बटाटे पिकलेत!"

मला वाटले, सरांना चकली तिखट लागली असावी. पण गोष्ट खरी आहे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी, ऐन प्रजासत्ताकदिनी, समुद्रतळावरून असले काळे गोळे वर काढले. पुढे १९८७ साली मध्य हिंदी महासागरातला दीड लाख चौरस किलोमीटरांचा टापू शोधासाठी भारताला मिळाला. २००२ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि निवड करता करता ७५ हजार चौरस किलोमीटर आपल्याकडे राहिले. पाण्याची खोली पाच किलोमीटरांच्या आसपास. आपल्या मोताळ्याच्या नळगंगेचे पाणीही पूर्णेतून तापीला आणि तापीतून समुद्राला मिळते. अशा असंख्य नद्या खडक झिजवून धातूंचे कण समुद्रात नेतात. काही धातू समुद्रातल्या ज्वालामुखींतून येतात.

या गोळ्याला सुरुवातीला बसायला काहीतरी आधार लागतो. एखादा खडा, नाहीतर शार्क माशाचा दात. त्यावर पाण्यातले लोखंड आणि मँगॅनीज थराथराने बसते. खालच्या चिखलातूनही मँगॅनीज विरघळून वर झिरपते आणि प्राणवायूची गाठ पडताच गोळ्याला चिकटते. म्हणजे आमच्या बोअरचीच कथा! मँगॅनीजच्या थराला आणखी एक खोड आहे: आसपासचे निकेल, तांबे, कोबाल्ट तो ओढून घेतो. साऱ्या जगाचा डोळा आहे तो या पाहुण्यांवर. नुसत्या मँगॅनीजसाठी पाच किलोमीटर खाली कोण जातो? ते आपल्या भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीत मिळते, आणि टॉर्चच्या साध्या सेलमधली काळी पूड म्हणून लहानपणी आपण सर्वांनी हाताला फासलेले आहे.

"गोळा वाढतो किती वेगानं?" मी विचारले.

"दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर."

माझ्या हातातली चकली हातातच राहिली. सर पुढे सांगत होते, की १९७८ साली प्रशांत महासागराच्या तळावर यंत्राने ओढलेली चाकोरी २००४ साली पाहिली, तर होती तशीच दिसली. त्या अंधारात, चिखलात आणि गोळ्यांवर बारीकसारीक जीव राहतात. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली मध्य हिंदी महासागरात मुद्दाम थोडा तळ ढवळून पाहिला, की तिथल्या रहिवाशांचे काय होते. काढण्याआधी विचारून पाहण्याची ही रीत मला आवडली, आणि टोचलीही.

कारण मी विचारले नव्हते. चाळीस फुटांची जुनी विहीर आटली, तेव्हा मी सरळ यंत्र बोलावले आणि चारशे फूट खाली गेलो. पाणी लागले त्या दिवशी पेढे वाटले. उन्हाळ्यात शेजारचे भाऊ कुंपणापाशी येऊन एवढेच म्हणाले, "सर, तुमाले पानी लागलं, अन् आमची विहीर आटली." ती माझ्या बोअरमुळे आटली की पावसाच्या ओढीमुळे, कोण सांगणार? पण खाली आहे ते आपलेच, असे मी धरून चाललो होतो. किती वर्षांनी ते तिथे साठले आणि आणखी कोण त्यावर जगते, हा प्रश्न मनाला शिवलाही नव्हता.

या वर्षी कुंपणातून एक नळी भाऊंच्या हौदात सोडली आहे. रोज सकाळी अर्धा तास. पाणी तांबूस येते, हे त्यांना आधीच सांगून ठेवले. ते म्हणाले, "येऊ द्या, रातभर ठेवू, बसते खाली."

त्यांना रसायनशास्त्र ठाऊक होते. विचारले मात्र मी कधीच नव्हते.