कर्जाच्या ओझ्याखाली नवा वैद्य

आयुर्वेदाच्या भवितव्याविषयी आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. औषधांचे प्रमाणीकरण, संशोधन, राजमान्यता या विषयांवर परिसंवाद होतात, ठराव संमत होतात. परंतु पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण वैद्य कोणत्या आर्थिक अवस्थेत व्यवसायाच्या उंबरठ्यावर उभा राहतो, हा प्रश्न क्वचितच चर्चेस येतो. आमच्या मते आजचा अग्रक्रमाचा प्रश्न हाच आहे.

शुल्काचा प्रश्न नवा नाही. देणगीशुल्कास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने १९८७ मध्येच केला. पुढे इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये देणगीशुल्क व नफेखोरी यांस मज्जाव केला आणि २०१५ च्या राज्य कायद्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांसाठी शुल्क नियामक प्राधिकरण आणले. तरीही शासकीय वा अनुदानित महाविद्यालयात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यास साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम कर्जावाचून पुरा करणे अनेकदा अशक्य होते. शुल्काखेरीज वसतिगृह, खाणावळ व ग्रंथ यांचा खर्च वेगळाच.

या कर्जाचा हिशेब मांडून पाहू. एखाद्या विद्यार्थ्याने प्रतिवर्षी २ लाख याप्रमाणे पाच वर्षांत १० लाख रुपये दरसाल १० टक्के व्याजाने घेतले, असे समजा. अभ्यासक्रम व त्यापुढील एक वर्ष हप्त्यांची सवलत असते. व्याजास मात्र सवलत नसते. सरळव्याजाने धरले तरी साडेसहा वर्षांअखेर हा आकडा १४ लाख ५० हजारांवर जातो. तो दहा वर्षांत फेडावयाचा तर दरमहा सुमारे १९ हजार रुपयांचा हप्ता बसतो आणि एकूण परतफेड २३ लाखांच्या घरात जाते. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता साडेपंधरा हजारांवर येतो, पण एकूण भरणा २८ लाखांवर जातो. शिवाय साडेसात लाखांहून अधिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात. ते तारण म्हणजे बहुधा वडिलांचे घर वा शेतजमीन.

चरकाचार्यांनी तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणेच्या पाठोपाठ धनैषणा सांगितली आहे. अर्थार्जन त्यांनी निषिद्ध मानले नाही. साधनहीन दीर्घायुष्य त्यांना शोचनीयच वाटले. त्याच ग्रंथात चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्या वैद्याची त्यांनी कठोर निर्भर्त्सनाही केली आहे. या दोहोंमधील तोल सांभाळणे हे वैद्याचे शील होय. परंतु ज्याला महिन्याच्या पाच तारखेस हप्ता भरावयाचा आहे, त्याच्याकडून हा तोल कितीसा सांभाळला जाणार? नाडी, प्रकृती, अग्नी पाहून निदान करावयाचे तर एका रुग्णास वेळ द्यावा लागतो आणि नव्या चिकित्सालयात रुग्णांचा विश्वास बसावयास काही वर्षे जातात. ती वर्षे धीराने काढण्याची मुभाच कर्जदार वैद्यास उरत नाही. मग तो एखाद्या आधुनिक रुग्णालयात रात्रपाळीची नोकरी पत्करतो, अथवा त्वरित गुण दाखविणाऱ्या आधुनिक औषधांकडे वळतो. पंचकर्मासारख्या भांडवली खर्चाच्या उपचारांचा विचारही त्यास परवडत नाही. पाच वर्षे शिकलेले शास्त्र असे पदवीपत्राच्या चौकटीत राहते.

औषधी दुकानदार बंधूंनीही हा प्रश्न परका समजू नये. क्वाथ, आसव-अरिष्ट, सिद्ध घृत लिहिणारा वैद्य व्यवसायात टिकला, तरच त्यांच्या फडताळांतील शास्त्रोक्त कल्पांस मागणी राहील.

महाविद्यालयांचीही बाजू आहे. संलग्न रुग्णालय, पुरेसा अध्यापकवर्ग, वनौषधी उद्यान यांस खर्च लागतो व नियमांनी तो अनिवार्यही केला आहे. मात्र त्या रुग्णालयात रुग्ण असतील आणि विद्यार्थ्यास त्यांच्याजवळ बसून शिकावयास मिळेल, तरच त्या खर्चाचा भार विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य ठरते. शासनानेही काही पावले उचलली आहेत. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शिक्षणशुल्काची सवलत मिळते. तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु ती केंद्रीभूत प्रवेशापुरती आहे, आणि त्याच घरातील मुलास तेवढा आधार नाही.

शासनाकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. संघटनेने पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. प्रवेशापूर्वीच साडेपाच वर्षांचा एकूण खर्च लेखी जाहीर करण्याचा आग्रह महाविद्यालयांकडे धरावा. ज्येष्ठ वैद्यांनी आपल्या चिकित्सालयात एकेका नवपदवीधरास दोन वर्षे सन्माननीय मानधनावर सामावून घ्यावे. गुरुकुलाचा हा आजच्या काळास झेपणारा अवतार ठरेल. तालुक्याच्या गावी चार-पाच तरुणांनी मिळून एकच पंचकर्म केंद्र चालवावे व आरंभीचे भांडवल संघटनेने बिनव्याजी निधीतून द्यावे. दुकानदारांनी नव्या वैद्यास पहिले वर्षभर विक्रीनंतर पैसे चुकविण्याच्या बोलीवर औषधे द्यावीत. त्या बदल्यात अमुकच औषध लिहा, अशी अट मात्र घालू नये.

आणखी एक विनंती पालकांस. आपल्याकडे येणारे अनेक रुग्ण मुलांच्या प्रवेशाविषयी आपला सल्ला विचारतात. त्यांस केवळ उत्तेजन न देता वरील हिशेब कागदावर मांडून दाखवावा. एवढे जाणूनही जो विद्यार्थी या शास्त्राकडे येईल, तो निष्ठेने येईल. त्याची निष्ठा कर्जापायी मोडू न देणे, हे मग आपणा सर्वांचे कर्तव्य ठरते. येत्या वार्षिक सभेत बिनव्याजी निधीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.