डेटाबेस पडला, तर सकाळी नऊला आत कोण येणार?

या आठवड्यात एका अपग्रेडच्या बैठकीला गेलो होतो. सर्व्हरवरची ॲप लोकांना दुरून वापरू देणाऱ्या सिट्रिक्सच्या ७.६ आवृत्तीवर वर्षानुवर्षं अडकलेली कंपनी आता नव्या आवृत्तीवर जाणार आहे. पडद्यावर ‘नवीन सोयी’ची यादी आली आणि तिच्यात डेटाबेस पडला तरी लॉगिन चालू ठेवणारी लोकल होस्ट कॅश दिसली. मला राग आला. ही सोय नवी नाही. ती एकदा काढून घेतली होती.

सिट्रिक्सच्या झेनॲप ६.५ मध्ये प्रत्येक सर्व्हरजवळ फार्मच्या, म्हणजे सर्व्हरांच्या गटाच्या, माहितीची स्वतःची प्रत असे. साधी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची फाइल होती ती. मध्यवर्ती डेटा स्टोअर बंद पडलं तरी त्या प्रतीच्या जोरावर लोकांची ॲप उघडत. २०१३ मध्ये सिट्रिक्सचंच झेनडेस्कटॉप ७ नव्या रचनेवर आलं आणि पुढच्या वर्षी झेनॲप ७.५ त्याच रचनेवर उभं राहिलं. तिच्यात ही प्रत नव्हती. आता प्रत्येक लॉगिन कंट्रोलर नावाच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे जाणार आणि कंट्रोलर एसक्यूएल डेटाबेसला विचारणार. डेटाबेस पडला की उघडी सेशन चालू राहत, पण नवा माणूस दाराबाहेरच. सकाळी नऊची पाळी भरायच्या वेळी याचा अर्थ काय होतो, ते हेल्पडेस्कवर बसलेल्यांना विचारा.

मग ७.६ मध्ये कनेक्शन लीजिंग आलं. अलीकडे कोण कशाला जोडला होता याची नोंद कंट्रोलर ठेवी. मुदत मुळात दोन आठवड्यांची. म्हणजे कालच रुजू झालेली मुलगी किंवा महिनाभराच्या रजेवरून परतलेला कारकून, दोघांनाही प्रवेश नाही. ही तात्पुरती डागडुजी होती, आणि २०१६ मध्ये ७.१२ सोबत लोकल होस्ट कॅश परत आली तेव्हा ते उघडच झालं. फरक एवढाच, की प्रत आता प्रत्येक सर्व्हरवर नसून कंट्रोलरवर, एसक्यूएल एक्स्प्रेसमध्ये असते. हा बदल मला पटतो. जुन्या रचनेत ॲप चालवणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर फार्मचं ओझं होतं. नव्या रचनेत तिथे फक्त हलका एजंट उरला. रचना चांगलीच होती. पण ती पुरी होण्याआधी ग्राहकांच्या हाती दिली गेली.

विनफ्रेम, मेटाफ्रेम, प्रेझेंटेशन सर्व्हर, झेनॲप, २०१८ पासून व्हर्च्युअल ॲप्स: या एकाच उत्पादनाच्या नामांतरांवर मी इथे अनेकदा लिहिलं आहे. माझं मत तेच आहे. नाव बदललं की जुन्या नावाखाली काय मिळत होतं याचा हिशेब मागणारं कुणी उरत नाही.

बैठकीत मी एकच मागणी केली. रजिस्ट्रीतली एक नोंद बदलून डेटाबेस बंद असल्याची स्थिती मुद्दाम आणता येते. अशी चाचणी अपग्रेडच्या आराखड्यात लिहून घेतली आहे. चाचणीच्या दिवशी पहिलं लॉगिन महिनाभर न वापरलेल्या खात्यावरून करायचं.