प्रत काढा, पण जपून!

मैत्रिणींनो, मृग लागायच्या आत सुकेळी, पापड, मसाले घट्ट डब्यांत भरून माळ्यावर चढवायचे, हे आपणां वसई-विरारच्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, तळमजल्यांवर पाणी शिरले, तेव्हापासून रेशनकार्ड, घराचे कागदही आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवतो. पण संगणकातल्या फोटोंचे काय? त्यांची दुसरी प्रत काढलीत का?

मी काढली, आणि तिथेच फसले! दोन कॅमेऱ्यांतले फोटो एका जागी आणायला मी पायथन या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहिल्या. भाषा तशी सोपी, १९९१ पासूनची. पण दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटोंना नावे सारखीच दिलेली. दुसऱ्याचे फोटो पहिल्याच्या फोटोंवर जाऊन बसले. कार्डे मी घाईने पुसून टाकली होती. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला त्यांना ओवाळतानाचा फोटो त्यात गेला. आता सासूबाईही नाहीत.

दोष भाषेचा नाही हं. पायथनमध्ये 'शटिल' नावाचा आयता संच आहे. त्यातली 'कॉपी' ही आज्ञा फाइलची प्रत काढते. पण त्याच नावाची फाइल तिथे आधीच असली तर विचारत नाही, गुपचूप जुनी घालवून नवी ठेवते. बरणीत लोणचे आहे की नाही, हे न बघताच मुरंबा भरावा तसे!

म्हणून तीन गोष्टी सांभाळा:

१. आधी अट घाला: 'या नावाची फाइल तिथे आहे का?' असेल तर नव्या नावापुढे आकडा जोडा. किंवा प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळे फोल्डर द्या.

२. 'कॉपी'ऐवजी 'कॉपी-टू' वापरा. साध्या 'कॉपी'ने फाइलवर आजची तारीख पडते. 'कॉपी-टू' जुनी तारीख शक्यतो राखते, म्हणजे बारसे कोणत्या वर्षीचे ते कळते.

३. दोन्हीकडच्या फाइली मोजा, चार-दोन उघडून पाहा, मगच मूळ पुसा.

आणि ही प्रत त्याच कपाटात ठेवू नका. घरात पाणी आले तर दोन्ही एकदमच भिजायच्या! माझी आता पालघरला बहिणीकडे असते. तुम्हीही एक माहेरी नेऊन ठेवा. तेवढेच जाणे होईल!