आधी मुद्दा ऐका, मग सूर बघू

'तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण बोलण्याचा सूर जरा सांभाळा.' मैत्रिणींनो, नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही? समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना मी संवादकौशल्य शिकले. पण हे कौशल्य नेहमी खालच्या पायरीवरच्या माणसानंच का दाखवायचं, हे तिथे कुणी विचारलं नाही.

पूर्वी मी ज्या संस्थेत होते, तिथल्या बैठकीत वस्तीत काम करणारी एक कार्यकर्ती म्हणाली, "सर, सांजच्याला एकटीनं भेटी द्यायच्या, गल्लीत दिवे न्हाईत. दोन महिने प्रवासाचे पैसेबी मिळाले न्हाईत." सर म्हणाले, "आधी नीट बोलायला शिका. ही भांडायची जागा आहे का?" तिच्या 'न्हाईत'ला कुणीतरी हसलं. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने एका पुरुष सहकाऱ्याने तोच मुद्दा आवाज चढवून मांडला. तो 'परखड' ठरला. पैसे त्याच आठवड्यात मिळाले आणि इतिवृत्तात नाव त्याचं लागलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, वस्तीत तर तुमीच सांगता, बायांनो बोला म्हणून."

बाई ठाम बोलली तर उद्धट, रडली तर हळवी, गप्प राहिली तर तिची काही तक्रारच नाही! ती दलित किंवा कष्टकरी घरातली असेल तर सुराबरोबर 'न' आणि 'ण'चाही हिशेब मागितला जातो. मग हा सभ्यतेचा प्रश्न कसा? हा अधिकाराचा प्रश्न आहे.

लैंगिक छळासारख्या गंभीर बाबतीतही तेच. 1997 साली विशाखा निकाल आला, 2013 मध्ये कायदा झाला. समेट फक्त तक्रारदार बाईच्याच विनंतीवरून होऊ शकतो आणि तो पैशांच्या बदल्यात करता येत नाही, असं कायदा सांगतो. तरीही तिच्या कानावर पहिलं वाक्य पडतं ते 'कशाला वाढवता, मिटवून टाका' हेच.

गोड बोलूच नये, असं मी म्हणत नाही. घर एकटीच्या पगारावर चालत असेल तर बाई नमतं घेते. तिला भित्री म्हणायचा हक्क कुणालाही नाही. पण सूर बदलणं वेगळं आणि मुद्दा सोडणं वेगळं. शिवाय एकटीनं धीट होण्याची अपेक्षा तरी का धरायची? मैत्रिणीचा मुद्दा कुणी पळवला तर तिथल्या तिथे म्हणू या, "हे आत्ता तिनं मांडलं होतं." इतिवृत्त मागून वाचू या, तिचं नाव घालायला लावू या. तिच्या बोलीला कुणी हसलं तर विचारू या, "यात हसण्यासारखं काय आहे?"

त्या दिवशी मी यातलं काहीच केलं नाही. माझी प्रमाण भाषा शाबूत होती, नोकरीही शाबूत राहिली. तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी अजून तसाच आहे.