विश्लेषण : विक्रीच्या फोनची स्क्रिप्ट आता एआय लिहिते, पण जबाबदारी कोणाची?

ओळखपाळख नसलेल्या माणसाला फोन करून काहीतरी विकायचे, याला विक्रीच्या धंद्यात 'कोल्ड कॉल' म्हणतात. अशा वेळी काय बोलायचे याची 'स्क्रिप्ट' टेलिकॉलरच्या समोर असते. आजवर ती टीम लीडर किंवा मुरलेला विक्रेता लिहीत असे. आता चॅटजीपीटी, जेमिनायसारख्या साधनांकडून ती मिनिटभरात लिहून मिळते. छोट्या उद्योजकांनाही ही सोय हाताशी आली आहे. मात्र लिहून मिळालेले वाक्य आणि फोनवर टिकणारे वाक्य यांत बरेच अंतर आहे.

स्क्रिप्टची पद्धत किती जुनी?

अमेरिकेतील डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर ही गल्ल्याची यंत्रे बनवणारी कंपनी होती. तिचे मालक जॉन पॅटरसन यांनी १८८७ मध्ये आपला मेहुणा जोसेफ क्रेन दुकानदारांशी कसे बोलतो, हे पुस्तिकेत उतरवून घेतले. 'प्रायमर' या नावाने ती ओळखली गेली. पुढे कंपनीच्या विक्रेत्यांना ती पाठ करणे सक्तीचे झाले. आयबीएमला नावारूपाला आणणारे थॉमस वॉटसन याच कंपनीत विक्री शिकले. यातला मुद्दा पाठांतराचा नाही. आधी क्रेन यांनी प्रत्यक्ष दुकानदारांना यंत्रे विकली, त्यांचे नकार ऐकले आणि मग त्यांचे बोलणे कागदावर आले. एआयच्या स्क्रिप्टमागे असा कोणताही दुकानदार नसतो.

मग एआय काय लिहून देते?

भाषा प्रारूपे प्रचंड मजकुरावर शिकलेली असतात आणि पुढचा संभाव्य शब्द जुळवत वाक्य रचतात. विक्रीविषयी इंटरनेटवर असलेला मजकूर मुख्यतः इंग्रजी आणि त्यातही अमेरिकी वळणाचा. त्यामुळे 'कोल्ड कॉलची मराठी स्क्रिप्ट दे' एवढेच सांगितले तर 'नमस्कार, मला आशा आहे की आपण कुशल असाल. मी आपल्याला कॉल करत आहे कारण…' अशा धाटणीचे काहीतरी हाती येते. व्याकरण बिनचूक, पण सांगलीच्या हळद व्यापाऱ्याशी फोनवर असे कोणी बोलत नाही. तो 'कोण बोलतंय? कुठून?' एवढेच विचारतो आणि त्या दोन प्रश्नांची उत्तरे पहिल्या वाक्यात नसतील तर फोन ठेवतो. शिवाय हीच आज्ञा स्पर्धक कंपनीनेही दिलेली असते. एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून जवळपास तीच वाक्ये ऐकणारा ग्राहक तिसरा फोन उचलत नाही.

उपयोग कुठे होतो?

तयारीत. समजा, भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपना कटिंग टूल विकायची आहेत. असे वर्कशॉप सहसा कोणत्या अडचणीत असते, टूल लवकर झिजण्याची कारणे काय, मालकाचा पहिला आक्षेप कोणता असेल, याची उजळणी एआय चांगली करून देते. 'आमचा सप्लायर ठरलेला आहे', 'नंतर बघू', 'रेट व्हॉट्सअॅप करा' हे तीन नकार कोणत्याही विक्रेत्याला पाठ असतात. एआयलाच चिडलेला मालक बनवून त्यांच्यावर सराव करता येतो. नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी खऱ्या माणसाकडून अपमान करून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे एआयला कच्चा माल पुरवणे. कंपनीतल्या अनुभवी विक्रेत्याने आजवर काय सांगून ऑर्डर मिळवल्या, कोणत्या वाक्यावर फोन कटले, हे आपल्या शब्दांत लिहून दिले तर मिळणारा मसुदा बराच जमिनीवर येतो. तो मोठ्याने वाचून पाहावा. जिथे श्वास अडखळेल ते वाक्य काढून टाकावे. कागदावर परिच्छेद न ठेवता चार-पाच मुद्दे ठेवले, तर टेलिकॉलर वाचत नाही, बोलतो. अनेक कॉल सेंटरमध्ये नेमके उलटे होते. स्क्रिप्ट शब्दशः म्हणण्याची सक्ती आणि दिवसाच्या कॉलचे टार्गेट वाढलेले, कारण 'आता लिहायला वेळ जात नाही ना'! वाचलेला वेळ टेलिकॉलरला मिळायला हवा होता. तो टार्गेटमध्ये गेला.

खरा धोका कोणता?

एआय माहीत नसलेली गोष्टही ठामपणे सांगते. कंपनीने न दिलेली सवलत, नसलेली वॉरंटी, योजनेत नसलेला 'हमखास परतावा' स्क्रिप्टमध्ये सहज शिरतो. साबणाच्या बाबतीत हे एकवेळ खपेल. विमा किंवा कर्जाच्या बाबतीत ती फसवी विक्री ठरते. विमा पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याचा हक्क ग्राहकाला असतो, पण फोनवरच्या शब्दावर विसंबलेले किती जण पॉलिसीचा कागद वाचतात? तक्रार झालीच तर रेकॉर्डिंगमध्ये आवाज टेलिकॉलरचा असतो. स्क्रिप्ट कोणी मंजूर केली याची नोंद नसेल, तर कमी पगाराचा तो मुलगाच पहिला अडकतो. म्हणून किंमत, मुदत, परतावा आणि अटी ही चार ठिकाणे माणसाने तपासून सही केल्याशिवाय स्क्रिप्ट फोनपर्यंत जाऊ नये.

दुसरा धोका माहितीचा. ग्राहकांची नावे, मोबाइल क्रमांक, थकबाकीचे आकडे असलेली यादी जशीच्या तशी एआयच्या खिडकीत चिकटवली जाते. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती ज्याने गोळा केली, जबाबदारीही त्याचीच. स्क्रिप्टसाठी नावांची गरजच नसते. ग्राहकाचा व्यवसाय आणि गाव पुरते.

नियम काय सांगतात?

स्क्रिप्ट कितीही गोड असली तरी फोन कोणत्या क्रमांकावरून जातो हे महत्त्वाचे. 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यावसायिक फोनसाठी नोंदणी लागते. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने, तर सेवा व व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून धडाधड विक्रीचे फोन करणे नियमबाह्य आहे. नवे उद्योजक नेमके इथेच फसतात. फेब्रुवारी २०२५ च्या सुधारणेनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा घडल्यास सर्व जोडण्या वर्षभरासाठी तोडणे अशी तरतूद आहे.

यंत्राच्याच आवाजात फोन करण्याचा मोह पुढची पायरी आहे. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना अध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात फोन गेले. त्यानंतर फेब्रुवारीत तिथल्या दूरसंचार आयोगाने स्पष्ट केले, की एआयने तयार केलेला आवाज १९९१ च्या कायद्यातील 'कृत्रिम आवाज'च आहे. पूर्वसंमतीशिवाय तो वापरता येणार नाही. भारतातही २०२५ च्या सुधारणेत ऑटो-डायलर आणि रोबो कॉलच्या वापराची आगाऊ सूचना दूरसंचार कंपनीला देणे बंधनकारक केले आहे.

तक्रार कशी करायची?

नको असलेला विक्रीचा फोन आल्यास सात दिवसांच्या आत १९०९ वर फोन किंवा एसएमएस करून, अथवा ट्रायच्या डीएनडी अॅपवरून तक्रार नोंदवता येते. फोन नोंदणी नसलेल्या क्रमांकावरून आला असेल तर आधी डीएनडीमध्ये नाव नोंदवलेले असण्याचीही गरज नाही. आलेला क्रमांक, तारीख आणि काय विकत होते याची एक ओळ एवढे पुरते.