मनश्शेचा पश्चात्ताप आणि आमोनचा वारसा

यहूदाच्या गादीवर सर्वांत जास्त काळ कोण बसले, असे विचारले तर दावीद आणि शलमोन ही नावे चटकन सुचतात. पण तो मान मनश्शेचा. बाराव्या वर्षी तो राजा झाला आणि ५५ वर्षे राज्य करून गेला. बाप हिज्कीया देवभक्त, उच्चस्थाने म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थळे मोडून काढणारा. मुलाने ती सारी पुन्हा उभारली, बालाच्या वेद्या बांधल्या, अशेराची मूर्ती थेट यरुशलेमच्या मंदिरात आणून ठेवली, पोटच्या मुलाला अग्नीत होमले आणि निरपराधांच्या रक्ताने शहर भरून टाकले. ‘राजे’च्या दुसऱ्या पुस्तकात त्याची गोष्ट एवढ्यावरच संपते. ‘इतिहास’चे दुसरे पुस्तक मात्र पुढे जाते. अश्शूरी सरदारांनी त्याला बेड्या घालून बाबेलला नेले, तिथे तो देवापुढे नमला, परत आला आणि सुधारला. प्रवचनांमध्ये हा दुसरा भाग आवडीने सांगितला जातो, कारण तो दिलासा देतो. माझ्या मते त्यातला खरा धडा दिलाशाच्या पुढच्याच ओळींत आहे आणि तिथवर सहसा कुणी थांबत नाही.

परत आलेल्या मनश्शेने मूर्ती आणि वेद्या नगराबाहेर टाकून दिल्या, असे ‘इतिहास’ सांगतो. फक्त टाकून दिल्या; जाळल्या किंवा फोडल्या असे तो म्हणत नाही. काही ओळींनंतर त्याचा मुलगा आमोन राज्यावर येतो आणि बापाने घडवलेल्या त्याच मूर्तींना बळी अर्पण करू लागतो. वयांचा हिशेब इथे बोलका आहे. मनश्शे ६७व्या वर्षी वारला तेव्हा आमोन २२ वर्षांचा होता. कैदेचे वर्ष बायबल देत नाही; पण काही अभ्यासक मानतात त्याप्रमाणे ती इ.स.पू. ६५०च्या आसपास, बाबेलमधल्या बंडाच्या धामधुमीत झाली असेल, तर बाप सुधारून आला तेव्हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झालेला होता. त्याने देवळात काय पाहायचे ते पाहून झाले होते. निष्ठा एका रात्रीत परत मिळू शकते, वारसा नाही. तो मधल्या काळात दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो.

मनश्शेचा बचाव करणारे म्हणतात की बिचाऱ्यापुढे पर्याय नव्हता. या म्हणण्यात तथ्य आहे. हिज्कीयाने अश्शूरविरुद्ध बंड केले, त्याची किंमत इ.स.पू. ७०१मध्ये देशाने मोजली. यहूदाची ४६ तटबंदीची शहरे घेतल्याची फुशारकी अश्शूरचा राजा सन्हेरीब याने आपल्या शिलालेखात मारली आहे. मनश्शे झुकला आणि देश वाचला. अश्शूरी राजधानी निनवेतल्या राजवाड्यासाठी इमारतीचे सामान पुरवणाऱ्या मांडलिकांच्या यादीत सन्हेरीबनंतरचा राजा एसरहद्दोन याने मनश्शेचे नाव नोंदवले आहे. तेव्हा खंडणी भरल्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. पण अश्शूर आपले देव मांडलिकांवर सरसकट लादत असे याला फारसा पुरावा नाही, आणि बाल व अशेरा हे तर अश्शूरचे देवही नव्हेत, ते कनानी मातीतले. स्वतःच्या प्रजेचे रक्त सांडायलाही निनवेहून कुणी फर्मान धाडले नसावे. नाइलाजाचा बुरखा पांघरून माणूस आपल्या मर्जीच्या किती गोष्टी उरकून घेतो, ते इथे दिसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यहूदाच्या नाशाचे खापर ‘राजे’चा लेखक मनश्शेच्या डोक्यावर फोडतो. मनश्शेचा नातू योशीया याच्याइतका निष्ठावंत राजा झाला नाही असे म्हणतो आणि तरीही देवाचा कोप मनश्शेमुळे शमला नाही असे लिहितो. हा न्याय झाला का? संदेष्टा यहेज्केल तर स्पष्ट बजावतो की बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही. मला वाटते, दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. यहेज्केलचा विषय दोष आहे, ‘राजे’चा विषय परिणाम. योशीयावर आजोबाचा दोष नव्हता. पण ‘राजे’च्या सांगण्याप्रमाणे मंदिराच्या दोन्ही अंगणांत मनश्शेने बांधलेल्या वेद्या पाडून त्यांचा चुरा करण्याचे काम त्यालाच करावे लागले, आणि इ.स.पू. ६०९मध्ये तो मगिद्दोला मारला गेल्यावर जुन्या सवयींनी पुन्हा डोके वर काढले. एका पिढीने अर्धशतकाची घडण पुसायची म्हटले तरी तिला तेवढा वेळ मिळतोच असे नाही.

मग पश्चात्ताप फुकट गेला का? ज्यू धर्मपंडितांतही यावर एकमत नव्हते. येणाऱ्या जगात वाटा नसलेल्या तीन राजांमध्ये मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ मनश्शेला बसवतो. रब्बी यहूदा मात्र त्याच्या प्रार्थनेकडे बोट दाखवून त्याला वाटा आहे असे म्हणतात. माणूस म्हणून मनश्शेचा विचार करताना मी रब्बी यहूदांच्या बाजूने आहे. राजा म्हणून त्याचा निवाडा करायचा तर ‘राजे’च्या लेखकाचेच बरोबर आहे.